नऊ वर्षांचा मुलगा आणि ‘बाळांची’ पुस्तकं: झेपेल असं पुस्तक कसं निवडायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. ‘वय ९ ते १२’ असं छापलेली पुस्तकं तो हौसेनं मागतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानावर मिटून ठेवतो. ‘वय ५ ते ७’ची पुस्तकं एका बैठकीत वाचून काढतो, पण ती ‘बाळांची’ वाटतात म्हणून चारचौघांत हातात धरत नाही. ग्रह, रॉकेट, अंतराळवीर यांचं त्याला वेड आहे. त्याची खरी पातळी कोणती, मुखपृष्ठावरच्या वयावर किती भरवसा ठेवायचा, आणि हातात घेतलेलं पुस्तक पूर्ण करायला लावायचं का, असं तुम्ही विचारलं आहे.

मुलांच्या वाचनाचं काम मी बरीच वर्षं करते आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत सतत समोर येतो. बहुतेक पालकांना वाटतं की मुलाची एक ठरलेली पातळी असते आणि ती सापडली की पुस्तकं निवडणं सोपं होतं. माझा अनुभव निराळा आहे. एकाच मुलाला एकाच आठवड्यात तीन वेगवेगळ्या अवघडपणाची पुस्तकं लागतात: एक एकट्यानं वाचायला, एक कुणाच्या सोबतीनं वाचायला आणि एक नुसतं ऐकायला. तुमच्या मुलाच्या बाबतीत असं झालेलं दिसतं की ऐकण्याजोगं पुस्तक तो एकट्यानं वाचू पाहतो, आणि एकट्यानं वाचता येण्याजोगं पुस्तक त्याच्या वयाला शोभत नाही. या दोन्हींच्या मधली पुस्तकं त्याच्याकडे जवळजवळ नाहीतच. ती कशी ओळखायची हे या उत्तराचं मुख्य काम. आधी वयाच्या आकड्याचा प्रश्न मिटवू.

मुखपृष्ठावरचं वय प्रामुख्यानं विषयाबद्दल सांगतं. पात्रं केवढी आहेत, प्रसंग त्या वयाला कळतील का, फार भीतीदायक काही आहे का, एवढंच त्यातून समजतं. वाक्यं किती लांब आणि शब्द किती कठीण याच्याशी त्या आकड्याचा संबंध असतोच असं नाही. सगळ्यात फसगत होते ती लहान मुलांच्या चित्रपुस्तकांत. त्यातली पुष्कळशी पुस्तकं मोठ्यांनी वाचून दाखवावीत म्हणून लिहिलेली असतात, त्यामुळे पानावर चारच ओळी असल्या तरी भाषा चांगली भारदस्त असू शकते. उलट नव्यानं वाचू लागलेल्या मुलांसाठी मुद्दाम लिहिलेल्या पुस्तकांत शब्द आणि वाक्यं जपून निवडलेली असतात. काही ठिकाणी वयाऐवजी वाचनाची पायरी छापतात, ती जास्त कामाची. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’ या खुल्या संग्रहात अशा चार पायऱ्या आहेत. पहिली नुकतीच वाचू लागलेल्या मुलांसाठी, चौथी सराईतपणे वाचणाऱ्यांसाठी. शोध कुठून सुरू करायचा यासाठी या खुणा जरूर वापरा. पण मूल ते पान समोर घेऊन बसल्याशिवाय पुस्तक जमेल की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

आता एक गोष्ट करून पाहा, आणि नवी पुस्तकं आणायच्या आधी करा. त्यानं अर्ध्यात टाकलेलं एखादं पुस्तक घ्या आणि जिथे त्यानं सोडलं तिथून पुढची दोन-तीन पानं तुम्ही त्याला वाचून दाखवा. नेहमीच्या आवाजात, नाट्य न करता, मध्येमध्ये अर्थ न सांगता. मग पुस्तक मिटा आणि गप्पा मारा. काय झालं? तो असा का वागला असेल? आता पुढे काय होईल? प्रश्न परीक्षेच्या सुरात नकोत. तुम्हाला खरोखरच जाणून घ्यायचं आहे असं त्याला वाटलं पाहिजे.

हे का करायचं? फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक सुटसुटीत सूत्र मांडलं. वाचून समजणं म्हणजे लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता. यात मोल आहे ते ‘गुणिले’ला. बेरीज असती तर एक बाजू कमी पडली तरी दुसरीनं निभावून नेलं असतं. गुणाकारात एक बाजू शून्याजवळ गेली की उत्तरही शून्याजवळ जातं, मग दुसरी बाजू कितीही भक्कम असो. म्हणून ‘वाचता येत नाही’ असं म्हणण्याआधी दोन्हींपैकी कोणती बाजू लंगडी आहे ते पाहावं लागतं. वाचून दाखवल्यावर लिपीचा भाग तुम्ही उचललेला असतो. मग त्याच्याकडे उरते ती दुसरी बाजू, आणि ती स्वच्छ दिसते.

वाचून दाखवल्यावर तो भरभरून बोलला, पुढे वाचा म्हणाला, तर त्याची भाषा आणि समज नऊ वर्षांची किंवा त्याहूनही पुढची आहे आणि अडचण फक्त अक्षरांपाशी आहे. ऐकूनही त्याला धड सांगता आलं नाही, तर मोठा टाइप आणि सोपी जोडाक्षरं देऊन भागणार नाही. शब्द, वाक्यांची वळणं किंवा त्या गोष्टीतलं जगच त्याला अनोळखी आहे. अशा मुलाला परिचित जगातली पुस्तकं, भरपूर ऐकणं आणि ऐकलेल्यावर बोलणं यांची आधी गरज असते. तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार वाटतो, कारण अंतराळाबद्दल तो तासन्‌तास बोलतो असं तुम्हीच लिहिलं आहे. पण मी त्याला वाचताना ऐकलेलं नाही. पडताळणी तुम्हालाच करावी लागेल.

तिसरा एक प्रकार असतो, तो तुमचा नाही, तरी सांगते. काही मुलं खाडखाड वाचतात, एक अक्षर चुकत नाही, आणि पान संपल्यावर विचारलं तर काहीच हाती लागलेलं नसतं. त्यांच्या प्रकटवाचनाचं कौतुक होतं आणि आणखी जाड पुस्तकं त्यांच्या हातात पडतात. अशा मुलांना खरं तर सोप्या भाषेतली, अर्थाशी थांबायला लावणारी पुस्तकं हवी असतात. नुसता वाचनाचा वेग पाहून पुस्तक निवडणाऱ्यांकडून ही मुलं हमखास सुटतात.

एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. त्याच्या शाळेचं माध्यम तुम्ही लिहिलेलं नाही. शाळेत दुसऱ्या भाषेत शिकून तो मराठी फक्त घरी वाचत असेल, तर मराठीतलं मागे राहणं हा प्रामुख्यानं सरावाचा प्रश्न असू शकतो. तसं असेल तर दोन्ही भाषांतलं वाचन ऐका. एकीत सरळ आणि दुसरीत अडखळत असेल तर काळजीचं कारण कमी. दोन्हींत सारखंच अडखळत असेल तर पुढे मी जे लिहिलं आहे ते जास्त लक्ष देऊन वाचा.

आणि मराठीतच शिकत असेल तर हेही लक्षात घ्या की आपल्या लिपीत वाचन पक्कं व्हायला वेळ लागतोच. मूळाक्षरं आणि बाराखडी मिळूनच चिन्हं काही शेकड्यांच्या घरात जातात, वर जोडाक्षरं. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांच्या वाचनाचा अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की अक्षरं पक्की होण्याची प्रक्रिया सुरुवातीच्या इयत्तांत संपत नाही, पुढेही चालू राहते. कन्नडची आणि देवनागरीची अक्षरं बनण्याची पद्धत सारखीच आहे. त्यामुळे चौथीतल्या मुलाला ‘उत्स्फूर्त’ किंवा ‘वैशिष्ट्य’ वाचताना थांबावं लागलं तर त्यात जगावेगळं काही नाही.

मराठी पान कशामुळे अवघड होतं ते पाहायला शिका, म्हणजे पुस्तक चाळतानाच अंदाज येईल. सगळी जोडाक्षरं सारखी नसतात. ‘पुस्तक’मधला स्त, ‘गोष्ट’मधला ष्ट मुलं लवकर ओळखतात, कारण दोन्ही अक्षरांचे तुकडे दिसतात आणि शब्द रोजचे असतात. द्ध, द्व, ह्म, क्त हे एकमेकांत मिसळलेले आकार जड जातात. ‘र’ तर फारच फसवतो. ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पोटाशी, ‘राष्ट्र’मध्ये खाली काकपदासारखा, आणि ‘वाऱ्यावर’मध्ये चौथंच रूप घेतो. पहिली वेलांटी दिसते आधी आणि उच्चारायची नंतर. अनुस्वाराचा उच्चार पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतला च वेगळा, हे तर लिहून दाखवलेलंच नसतं. शब्द आधी कानाला माहीत असेल तरच तो बरोबर वाचला जातो.

त्यानंतर येतात प्रत्यय. ‘विद्यार्थ्यांपैकी’, ‘डोंगरापलीकडच्या’, ‘बोलल्याशिवाय’ असे शब्द एका ओळीत दोन-तीन आले की अडखळणाऱ्या मुलाचा दम संपतो. शब्दाची शेपटी गाठेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. म्हणून बरीच मुलं शेवट अंदाजानं वाचतात, ‘घरातून’चं ‘घरात’ करतात, आणि मग गोष्टीत कोण बाहेर गेलं आणि कोण आत राहिलं याचाच घोटाळा होतो. संवाद जास्त असलेलं पुस्तक सोपं जातं ते याचसाठी. बोलण्यातली वाक्यं आखूड असतात आणि कानाच्या सवयीची असतात. ‘जो… तो’, ‘जिथे… तिथे’ अशी एकात एक गुंफलेली वाक्यं, ‘झाड’ऐवजी ‘वृक्ष’ आणि ‘संध्याकाळी’ऐवजी ‘सायंकाळी’ असा भारदस्त शब्दांचा सोस, लांबलचक वर्णनांनी होणारी सुरुवात, या सगळ्या गोष्टी पान चाळताना पाहा. घरातली फार जुनी पुस्तकं देणार असाल तर आणखी एक पाहा. १९६२ च्या लेखननियमांआधी छापलेल्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘घरांत’ असे आज न दिसणारे अनुस्वार असतात. मोठ्यांचं त्यानं काही बिघडत नाही, पण अक्षर अक्षर लावणाऱ्या मुलाचा प्रत्येक ओळीत गोंधळ होतो. छपाईही महत्त्वाची आहे. ठसठशीत टाइप, ओळींमध्ये मोकळी जागा, लहान परिच्छेद. काही वेळा नुसती आवृत्ती बदलल्यानं तेच पुस्तक जमून जातं.

पानाचा अवघडपणा मोजायची सूत्रं आहेत. त्यातलं रुडॉल्फ फ्लेश यांचं १९४८ चं सूत्र सगळ्यात प्रसिद्ध. ते वाक्यांची लांबी आणि शब्दांतली अक्षरावयवांची (सिलेबल्सची) संख्या मोजतं. ते इंग्रजीसाठी आहे, मराठीला तसंच लावता येत नाही, कारण प्रत्ययांमुळे आपले अगदी साधे शब्दही लांब होतात. शिवाय लांबी म्हणजे अवघडपणा नव्हे. ‘हेलिकॉप्टर’ हा लांब शब्द तुमचा मुलगा एका नजरेत वाचेल. ‘त्याला सारं कळलं. तो गप्प राहिला.’ ही दोन आखूड वाक्यं वाचता येतील, पण तो गप्प का राहिला ते समजायला वेगळीच तयारी लागते.

म्हणून मी मुलालाच वाचायला लावते आणि ऐकते. शंभर शब्दांची पद्धत अशी. पुस्तक मधूनच उघडा, कारण पहिली पानं बऱ्याचदा चाळून झालेली असतात. त्याच्या नकळत शंभर शब्द मोजून ठेवा आणि त्याला मोठ्यानं वाचायला सांगा. किती शब्द चुकले किंवा तुम्हाला सांगावे लागले तेवढं मनात धरा. समोर वही-पेन घेऊन बसू नका, मूल लगेच आक्रसतं. स्वतःहून चूक सुधारली तर ती चूक धरू नका; उलट ती उत्तम खूण आहे, अर्थ जुळत नाही हे त्याच्या लक्षात आलं. बोलीप्रमाणे ‘न’ आणि ‘ण’ची अदलाबदल झाली, अर्थ तोच राहिला, तर तीही मोजायची नाही. विशेषनाम कितीही वेळा अडलं तरी एकदाच. पण शब्दाची शेपटी बदलली, शब्द गाळला, किंवा भलताच शब्द वाचून तो तसाच पुढे गेला, तर ती चूक.

एमेट बेट्स यांनी १९४६ मध्ये याचे ढोबळ मापदंड दिले. शंभरातले नव्व्याण्णव शब्द बरोबर आणि मजकूर जवळपास सगळा समजला, तर मूल एकट्यानं वाचू शकतं. पंचाण्णवच्या आसपास असेल तर शिकवणाऱ्याच्या सोबतीनं. नव्वदच्या खाली गेलं तर मूल वैतागतं. मोजमाप इंग्रजी वाचनाचं आहे आणि त्याच्या नेमकेपणावर नंतर आक्षेपही घेतले गेले. मी ते काटेकोर पाळत नाही. माझ्या कामात एक-दोन चुका म्हणजे ‘तू वाच’, तीन ते सात-आठ म्हणजे ‘आपण वाचू’, आणि दहाच्या पुढे म्हणजे ‘मी वाचते, तू ऐक’. पानावर न समजलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोडायचं आणि पाच बोटं झाली की पुस्तक अवघड, अशीही एक पद्धत प्रचलित आहे. मुलाला स्वतः करता येते म्हणून ती चांगली, पण पानावर किती शब्द आहेत ते ती विचारात घेत नाही. वीस शब्दांच्या पानावर पाच अडले तर चौथा हिस्सा गेला. अडीचशे शब्दांच्या पानावर पाच अडले तर फारसं काही गेलं नाही.

चुकांच्या संख्येइतकंच मी आणखी काही बघते. हसण्याच्या जागी तो हसला का? प्रश्नचिन्हापाशी आवाज वर गेला का? पान संपल्यावर हात आपोआप पुढच्या पानाकडे गेला का? या तिन्ही गोष्टी घडल्या आणि चुका पाच झाल्या, तरी मी ते पुस्तक त्याच्याकडे राहू देते. चूक एकही नाही पण चेहरा कोरा, तर ते पुस्तक परत जातं.

इथवरचं थोडक्यात: आधी वाचून दाखवून समज पाहा, मग शंभर शब्द ऐकून उकल, म्हणजे लिपी उलगडण्याची क्षमता, पाहा, आणि त्यावरून त्या एका पुस्तकाचं काम ठरवा.

आता तुमच्या मुलासाठी मधली पुस्तकं. त्याचं अंतराळाचं वेड ही मोठी जमेची बाजू आहे, आणि त्याला आधार आहे. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल चांगलं जाणणारी मुलं आणि वाचनात पक्की पण बेसबॉलबद्दल फारसं न जाणणारी मुलं, यांत मजकूर जास्त चांगला समजला तो पहिल्या गटाला. विषयाचं ज्ञान वाचनाचा कच्चेपणा बराच भरून काढतं. तुमच्या मुलाला ‘गुरुत्वाकर्षण’, ‘उपग्रह’, ‘कक्षा’ हे शब्द कानानं माहीत आहेत. ‘गुरु’ आणि ‘त्वा’ एवढं लावलं की उरलेला शब्द कान पुरवतो. गोष्टीच्या पुस्तकातला अनोळखी ‘कृतज्ञता’ त्याला यापेक्षा जड जाईल.

त्यामुळे त्याला अंतराळावरची माहितीची पुस्तकं द्या, पण सरसकट नाही. मोठी, संदर्भग्रंथासारखी पुस्तकं चित्रं पाहायला छान असली तरी त्यांतले परिच्छेद दाट असतात. आकृती, तिच्याशेजारी दोन-तीन ओळी, चौकटींतली सुटी माहिती अशी मांडणी शोधा. तिथे कुठूनही सुरुवात करता येते, एक चौकट वाचली की काहीतरी पूर्ण झाल्याचं समाधान मिळतं, आणि पुस्तक दिसायला अजिबात बाळबोध नसतं. चित्रकथाही द्या. चित्रकथा म्हणजे खरं वाचन नव्हे असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, मला ते मुळीच पटत नाही. संवाद आखूड, प्रसंग चित्रात दिसतो, आणि कोण कुणाला का बोललं ते समजल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोडी, विनोद, प्रयोग करून पाहायची पुस्तकं, कविता, लहान प्रकरणांच्या पातळ गोष्टी या सगळ्यांत नऊ वर्षांच्या मनाला साजेसा मजकूर सोप्या भाषेत मिळू शकतो. मालिकेतली पुस्तकं विशेष उपयोगी पडतात. पहिल्या पुस्तकात नावं, जागा, लेखकाची बोलण्याची ढब यांच्याशी झटापट होते. दुसऱ्यापासून ती सगळी ओळखीची झालेली असतात.

सोपं वाचून काय प्रगती होणार, ही शंका पालकांना नेहमी येते. डेव्हिड शेअर यांनी १९९५ मध्ये मांडलेला विचार मला इथे सगळ्यात पटतो. मूल एखादा शब्द स्वतः उलगडून बरोबर वाचतं, तेव्हा त्या शब्दाचं रूप त्याच्या मनात ठसतं. असं थोड्या वेळा झालं की तो शब्द एका नजरेत ओळखू येतो आणि उलगडायला लागत नाही. म्हणजे यशस्वीपणे उलगडलेला प्रत्येक शब्द मुलाला थोडं वाचायला शिकवतो. अवघड पानावर उलगडणं फसतं, अंदाज वाढतात आणि हे ठसणं होतच नाही. म्हणून एकट्यानं वाचायचा वेळ बहुतेक सोप्या पुस्तकांना द्या आणि ती भरपूर द्या. आवडलेलं पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत असेल तर अडवू नका. एस. जे सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचायला लावण्याची पद्धत मांडली ती वेग आणि सहजता येण्यासाठीच.

‘बाळांची पुस्तकं’ ही लाज मात्र खरी आहे आणि तिच्याशी वाद घालू नका. ‘त्यात काय झालं’ म्हटल्यानं ती जात नाही. घरात किंवा शेजारी लहान मूल असेल तर त्याला वाचून दाखवायचं काम याच्याकडे द्या. वाचून दाखवायचं म्हणून तो आधी दोनदा सराव करेल, सोप्या पुस्तकाला कारण मिळेल, आणि ऐकणारं मूल त्याच्याकडे मोठा दादा म्हणून बघेल. ही युक्ती मी अनेक मुलांसोबत वापरली आहे आणि तिच्याइतकी कामी आलेली दुसरी कुठलीच नाही.

ती जाड पुस्तकं घरातून हलवू नका. त्याला ती हवी आहेत हे फार चांगलं लक्षण आहे. ती त्याला वाचून दाखवा, रोज थोडं. ऐकून समजण्याची क्षमता या वयात वाचून समजण्याच्या पुढे असते, आणि बऱ्याच मुलांत ती साधारण सातवी-आठवीपर्यंत पुढेच राहते. म्हणून मूल वाचायला लागलं की वाचून दाखवणं थांबवायचं, ही पद्धत मला घातक वाटते. त्याची भाषा नऊ वर्षांच्या मुलाला साजेशी वाढत राहायची तर हाच रस्ता आहे. नाहीतर अक्षरं सुटेपर्यंत त्याचे शब्दही मागे पडतील. कधी एक परिच्छेद तुम्ही, एक तो. कधी दोघांनी एकत्र, एका सुरात, पानावर बोट फिरवत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुसरीतल्या कच्च्या वाचकांना चांगल्या वाचकांच्या जोडीनं असं वाचायला दिलं होतं, आणि त्यांच्या पातळीपेक्षा बऱ्याच अवघड मजकुराचाही त्यांना फायदा झाला. सोबत असेल तर अवघड पुस्तक चालतं.

आता एक गोष्ट जपून सांगते. तीन-चार महिने रोज असं वाचूनही उकल पुढे सरकत नसेल, एकाच पानावर तोच शब्द दर वेळी नव्यानं लावावा लागत असेल, काना-मात्रा सतत गळत असतील, लिहितानाही तेच होत असेल, किंवा वाचताना डोकं दुखतं, ओळी हलतात असं तो म्हणत असेल, तर पुस्तकं बदलत बसू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, आणि मग वाचनाच्या अडचणींची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा. कुटुंबात कुणाला लहानपणी असाच त्रास झाला असेल तर तेही त्यांना सांगा. अशी मुलं आळशी नसतात. उलट दोन पानांसाठी इतरांच्या कितीतरी पट श्रम घेतात, आणि नेमकी मदत लवकर मिळाली तर खूप फरक पडतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, पूर्ण करायला लावायचं का. लावू नका. पण सोडण्याआधी का सोडतोय ते विचारा, कारण उत्तरं दोन असतात. ‘कंटाळवाणं आहे’ असं तो म्हणाला तर पुढचं एक पान तुम्ही वाचून दाखवा. तरीही कंटाळा आला तर पुस्तक खरंच त्याच्यासाठी नाही, बिनदिक्कत परत करा. तुम्ही वाचल्यावर तो पुढे ऐकायला थांबला, तर त्याच्या ‘कंटाळवाणं’चा अर्थ ‘मला वाचायला जड जातंय’ असा होता. मग पुस्तक सोडायचं नाही, फक्त वाचणारा बदलायचा. बऱ्याच मुलांना ‘जमत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘आवडत नाही’ म्हणणं सोपं वाटतं, आणि त्यांना जमत नाही हे कबूल करायला लावण्याची काहीच गरज नसते. दोन-तीन महिन्यांनी तेच पुस्तक पुन्हा उघडून शंभर शब्द ऐका. अर्ध्यात राहिलेली पुस्तकं म्हणूनच मी एका वेगळ्या कप्प्यात ठेवायला सांगते, आणि तिथून कोणतं कधी काढायचं ते मुलावर सोडते.